पितळेचं म्हणालात ते घड्याळ

प्रिय बाबा,

तुमच्या घड्याळाचं काय करायचं ते आज ठरलं. उद्या सकाळी ते करायला जायचं आहे. तुम्हाला सांगितल्याशिवाय माझा पाय उचलणार नाही, म्हणून लिहिते आहे.

घड्याळ म्हणजे ते पातळ, सोन्याचं. बाकीची स्टीलची सगळी बिस्किटांच्या डब्यात जशी होती तशीच आहेत. त्यांना कोणी हात लावलेला नाही.

तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षीची गोष्ट. मी दिवाळीला वाशीमला आले होते. जुन्या मित्राकडे लग्न आहे असं आईला सांगून तुम्ही हैदराबादला जाऊन आला होतात. आई मळ्यात मेथी काढायला गेल्यावर तुम्ही दार लोटून घेतलंत आणि रुमालाची घडी सोडलीत. सायीच्या रंगाची तबकडी. आकडे नाहीत, नुसत्या बारीक सोनेरी रेघा. सेकंदाचा काटाही नाही. "कानाले लाव," म्हणालात. आवाज इतका हलका होता की मला श्वास धरावा लागला.

अशी घड्याळं आता मिळत नाहीत, हे तुम्ही तेव्हाच सांगितलंत. मुळात थोडी बनली, आणि आपल्याकडे जी आली ती लोकांनी सोनाराकडे मोडीत दिली. हे एक कसं उरलं, याचंच तुम्हाला नवल वाटत होतं. किती वर्षं शोधत होतात! मला वाटतं, मी शाळेत होते तेव्हापासून.

आई परत आली. मेथीचं गाठोडं खाली ठेवून तिनं विचारलं, हे कायचं आणलं? तुम्ही म्हणालात, "पितळ हाय."

का म्हणालात तसं? ती बोलली असती, एवढंच ना? ती तशीही बोलायचीच. घरात एवढ्या घड्या आन् ड्यूटीवर जायची किन्हीराजाची गाडी रोज चुकते, हे तिनं तुमच्या नोकरीभर म्हटलं, आणि तुम्ही हसत डबा उचलून निघायचात. आणखी एक टोमणा जड झाला असता? तो एक शब्द तुम्ही दुसऱ्या दिवशी मागे घेऊ शकला असतात. महिन्यानंतरही घेऊ शकला असतात.

दवाखान्यात तुम्ही मला जवळ बोलावलंत. आई बाहेर बाकावर बसली होती. जुनी घड्याळं घेणाऱ्या पुण्याच्या एका संग्राहकाचा नंबर दिलात आणि म्हणालात, "घड्याळ तुह्या आईसाठीच हाय. आत्ताच सांगू नको. ते येतील, पाहतील, नेतील. मंग त्या पैशाच्या सोन्याच्या पाटल्या तिच्या हातात दे, तवा सांग."

मी हो म्हटलं. त्या अवस्थेतल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? पण बाबा, ती दाराच्या पलीकडेच होती. तुम्ही तिलाच का नाही बोलावलंत?

तुमच्या दहाव्याला सुतक फिटलं. घर धुऊन निघालं, घरातलं सगळं पितळ घासायला परसात गेलं. मी पुढच्या खोलीत आलेल्या माणसांत बसले होते. पाण्याला म्हणून मागे गेले तर पोत्यावर उन्हात समई, तांब्या, घंगाळ आणि त्यांच्या ओळीत तुमचं घड्याळ. पट्टा सोडवून बाजूला ठेवलेला. चिंचेचा चोथा, राख, काथ्या तिथेच पडला होता. काचेच्या आत तपकिरी पाणी. तबकडीवरची एक रेघ सुटून तळाशी आली होती.

"तुहे बाबा लय जपत होते त्याले," आई म्हणाली. "म्हून चांगलं घासलं."

मी घड्याळ उचलून आत नेलं. बोलून काय सांगणार होते? जिनं नवऱ्याची आठवण म्हणून घासलं, तिला त्याच दिवशी सांगायचं का की तू काय घालवलंस?

पुण्याचे गृहस्थ आले. त्यांनी मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला हळूच विचारत होती, काय पाहून राह्यले एवढं? निघताना तिनं त्यांना चहा दिला, मळ्यातली वांगी पिशवीत घालून दिली. फाटकाशी ते मला म्हणाले की तबकडी गेली, काटे गंजले, मागची कोरलेली अक्षरं घासून सपाट झाली. आतलं यंत्र वाचेल. विचार करून फोन करतो.

मग आई रोज विचारू लागली, त्यांचा फोन आला काय? मी नाही म्हणायचे. पितळेच्या घड्याळासाठी पुण्याहून कोण कशाला फोन करील, आणि हिला त्या फोनची वाट का असावी, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

काल फोन आला. ते घड्याळ घ्यायला तयार आहेत. तबकडी नवी करून घेतील. पूर्वीची किंमत येणार नाही, पण नुसत्या सोन्याच्या भावापेक्षा कितीतरी जास्त देतील. मला हायसं वाटलं. तुमचं घड्याळही राहील आणि आईच्या पाटल्याही होतील. आज दुपारी ती मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. ते पितळ नव्हतं, सोनं होतं, हेही सांगितलं.

तिनं मान वर केली नाही. "मले मालूम हाय."

मी विचारलं, कधीपासून?

"घासताना. पितळ घासलं का काळं पाणी निंघते. याचं निंघालंच नाई."

"मंग तू थांबली काहून नाई?"

"थांबली होती. हात थांबला होता माहा." तिनं मेथीची एक जुडी संपवली, काड्या बाजूला केल्या. "मंग आसेगावचं लगन आठोलं. मंग अजून जोरानं घासलं."

आसेगावचं लग्न तुम्हाला आठवतं का? मामाच्या मुलीचं. तुम्ही दोघं मांडवात शेजारी बसला होतात. मावशीनं तुमचं मनगट धरलं आणि म्हणाली, भाऊजी, घडी तं सोन्याची दिसते. तुम्ही तिलाही पितळ म्हणालात. त्यावर आईनं दोन्ही हात पुढे करून पाटल्या वाजवून दाखवल्या. "आमच्या घरी सोनं कुठून येते वं? ह्याही खोट्याच हाय." सगळ्या बाया हसल्या. तुम्हीही हसलात, बाबा. शेजारी बसून, मनगटावर सोनं घालून तुम्ही तिला तसं बोलू दिलंत.

ती म्हणाली, "गरिबीचं नाई वाटलं मले कवाच. मले येडं केलं, त्याचं वाटलं."

मी तुमची बाजू मांडली. ते तुझ्यासाठीच होतं, बाबा मला शेवटी तेच बोलले, असं सांगितलं. ती म्हणाली, माह्यासाठी होतं तं मले काहून नाई मालूम? याचं उत्तर तुम्हाला सुचतं आहे का?

घड्याळ पुण्याला जाणार नाही. तिनं एकच सांगितलं, उद्या सराफ्यात न्यायचं आणि मोडायचं. तिच्यासमोर. आटताना तिला पाहायचं आहे.

संध्याकाळपासून घड्याळ माझ्यासमोर आहे. काटे अडकलेले आहेत, तबकडीवर चिंचेचा डाग आहे, तरी त्याची कड अजून इतकी देखणी आहे की नजर निघत नाही. तुमच्या हातात पोचेपर्यंत किती हातांनी ते सांभाळलं असेल! आणि आपल्या परसात ते संपलं. मला राग येतो. कधी तिचा, कधी तुमचा. दोन्ही एकाच वेळी येतात तेव्हा काय करावं ते कळत नाही.

एक वाट होती. सोनाराशी आधी बोलून ठेवायचं, दुसरं काहीतरी आईसमोर आटवायचं, घड्याळ पुण्याला पाठवायचं. तिच्या हातात जास्त वजनाच्या पाटल्या आल्या असत्या. घड्याळ वाचलं असतं. तिचं भलंच झालं असतं आणि तिला कधी कळलंही नसतं. हे मी अगदी बारकाव्यानिशी ठरवत होते. मग लक्षात आलं की तुम्हीही असंच ठरवलं असणार. तिच्या भल्यासाठी, तिला न सांगता.

म्हणून वचन देते, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. उद्या मी घड्याळ माझ्या हातानं सोनाराला देईन, आई शेजारी उभी असताना. ती पाहील तेवढा वेळ मीही पाहीन. आतलं यंत्र सोनार परत देतात. ते मला हवं आहे, बाबा, फार हवं आहे. पण आधी तिला विचारीन. ती नको म्हणाली तर तिथेच सोडून येईन.

तुमची,
वर्षा