बाटल्या रिकाम्या नव्हत्या

मानाचे व्याही काळूरामदादा यांस,

किन्हवलीहून धाऊचा दोन्ही हात जोडून रामराम. (एका हातात पेन आहे, तरी जोडले असे धरावे.) आपला दमा कसा आहे? विहीणबाई सकुबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, आता स्वच्छ दिसू लागले असेल. इकडे सर्व ठीक आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तसे काही ठीक नाही, आणि त्याला कारण मी आहे. फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेले शेजारच्या गोठ्यात ऐकू जाते, आणि ही गोष्ट आपल्या लेकीच्या, म्हणजे आमच्या सूनबाई रुपालीच्या, कानावर जाऊ नये. मी चौथीपर्यंतच शिकलो, तेव्हा अक्षराकडे पाहू नये.

रुपालीच्या बचत गटाचे करवंदाचे सरबत आपण टपरीवर ठेवता, त्यामुळे काचेच्या बाटलीला दहा रुपये अनामत घेतात हे आपल्याला ठाऊक आहे. रिकामी बाटली आणली की दहा रुपये परत. शहापूर बाजूला हे नीट चालते. आसनगावला तर लोक स्टेशनावर उतरले की रिकामी देतात आणि भरलेली नेतात. पण तालुक्याची हद्द ओलांडली की हाच नियम लंगडतो. आपल्या मुरबाडकडे शेजारच्या दुकानात प्लास्टिकची बाटली मिळते, तिला अनामत नाही, म्हणून आपली महाग दिसते. आणि एखाद्याने घेतलीच, तर रिकामी बाटली किन्हवलीपर्यंत आणणार कोण? गटाचे काम बघणारी शीतल म्हणाली, "बाटल्या आल्या नाय तर तिकडचा माल बंद." रुपालीचा चेहरा उतरला. माहेरी माल जातो याचे तिला केवढे अप्रूप. तेव्हा मीच पुढे झालो. पंचाहत्तरी उलटल्यामुळे मला एसटीला तिकीट पडत नाही, म्हणजे गटाला फुकटचा हमाल. शीतलने माझ्याकडून पाढ्यासारखे पाठ करून घेतले: बाटली रिकामी, धुतलेली, झाकणासकट. तशी नसली तर ती घेणार नाही.

आपल्या घरी आलो तेव्हा आपण टपरीवर होता. विहीणबाईंनी चोवीस बाटल्या पुढे मांडल्या. एकही रिकामी नाही. नाचणी, वरी, कुळीथ, दोन बाटल्या मध. मी म्हटले, "विहीणबाई, या रिकाम्या लागतात." त्या म्हणाल्या, "आमच्यात लेकीचं भांडं रिकामं धाडीत नाय. तुमच्यात धाडीत असतील." आमच्यातही धाडत नाहीत. चोविसावी बाटली त्यांनी फडक्यात गुंडाळून वेगळी दिली. "ही गुडघ्याला चोळा, व्याही." झाकण न उघडताच मला कळले की ती मोहाच्या दारूची आहे. (सुपारी फोडताना आपण एकच अट घातली होती, की व्याह्याने पिणे सोडावे. अकरा वर्षे मी ती पाळली. हे मुद्दाम आधी लिहितो, कारण पुढे लिहायला तोंड राहणार नाही.)

सरळगाव फाट्यावर किन्हवलीच्या गाडीची वाट बघत बसलो. शीतल झाकण उघडून बघते. नियम मोडला तर मुरबाडचा माल बंद, आणि बोल रुपालीला. म्हणून बाटल्या तिथेच मोकळ्या करायला घेतल्या. नाचणी उपरण्यात, कुळीथ पिशवीत, वरी टोपीत. मध कशात ओतणार? तो बोटाने चाटला. दोन बाटल्या मध चाटल्यावर माणसाचा घसा कसा होतो ते आपल्याला ठाऊक असेलच. पाण्याचा नळ कोरडा. उरली चोविसावी. तीही रिकामी करणे भागच होते, आणि रस्त्यावर ओतावी तर समोर दोन पोलीस चहा पीत उभे. तेव्हा गुडघ्याला आतून चोळली. इतक्यात गाडी आली. तोंडाने "रिकामी, धुतलेली, झाकणासकट" म्हणत मी क्रेट तेवढा उचलला. धान्य बाकावरच राहिले. टोपीसुद्धा.

गावच्या विहिरीवर बाटल्या धुतल्या, तोंड धुवायचे राहिले. घरी पोचलो तेव्हा मिशीला मुंग्या होत्या. रुपालीने एकेका बाटलीत डोळा घालून पाहिले. मग हळूच विचारले, "आबा, आईने रिकाम्याच दिल्या?" तोंड उघडले असते तर वास आला असता. मी मान डोलावली. दादा, माझा गुन्हा एवढाच, पण त्या दिवसापासून आपली लेक आईचा फोन उचलत नाही. "मुरबाडला माल नाय धाडायचा," असे तिनेच शीतलला सांगितले. आणि नियमाप्रमाणे बाटल्या आणणारा पहिला माणूस म्हणून गटाने सभेत मला नारळ दिला. तो फळीवर आहे. मी त्या बाजूला बघत नाही.

विहीणबाईंच्या पायावर डोके ठेवतो असे सांगावे.

आपला, तोंड लपवून बसलेला,
धाऊ

ता. क. : उद्या आमच्या गावातल्या किशोरच्या जीपमधून त्याच चोवीस बाटल्या धाडतो आहे. विहीणबाईंनी त्या पुन्हा भराव्यात, आणि गेल्या खेपेला चूक स्वतःच्याच हातून झाली असे रुपालीला कळवावे. अनामत मी भरीन. पत्र लिहिण्याचे खरे कारण हेच होते.

ता. क. दुसरा : बाटली रिकामी कशी धाडावी म्हणून हे पत्रच गुंडाळून एकीत घातले. रुपालीने क्रेट तपासला. तिने सगळे वाचले, वरची विनंतीसुद्धा. मग फोन घेऊन ओट्यावर गेली आणि आईशी तासभर रडली, हसली. मला एवढेच म्हणाली, "आबा, तो नारळ शीतलला देऊन या." हे एवढे लिहून झाले की पत्र तीच परत बाटलीत घालणार आहे. किशोरच्या जीपमधून सरबताचे दोन क्रेटही येत आहेत. आपल्या घरच्या बाटल्यांना यापुढे अनामत नाही, त्या विहीणबाई भरतील तशा येतील, असा तिने नियम केला आहे. चोविसावी तेवढी रिकामी, धुतलेली, झाकणासकट.