भाऊजींच्या गाडीची टाकी

रवि., २ नोव्हेंबर
दहाला ताईचा फोन, कामठीहून. दर रविवारचाच. पण आज आधी बातमी: स्नेहलला हिंगण्यात नोकरी लागली. तपासणी विभागात, १ डिसेंबरपासून. "कंपनीची बस कामठीपर्यंत येत नाही म्हणते. पप्पाचीच गाडी नेईन म्हणून राहिली. चालू हालतीत आहे न गा, सुधाकर?"
म्हणालो, "एकदम. सकाळीच तर सुरू केली होती."
भाऊजी जाऊन तीन वर्षं झाली. ताईच्या भाड्याच्या खोलीत मोटारसायकलला जागा नव्हती, म्हणून ती आमच्याकडे, नंदनवनला, बाजूच्या बोळात ताडपत्रीखाली. दर रविवारी सुरू करून दहा मिनिटं चालू ठेवतो, असं मीच छातीठोक सांगितलं होतं. तीन-चार रविवार केलंही. मग पाऊस, मग ओव्हरटाइम, मग काहीच नाही. ताई दर रविवारी विचारते, मी दर रविवारी हो म्हणतो. तिची लेक जन्मभर बसनेच फिरणार, असं धरून चाललो होतो की काय, कोण जाणे.

मंगळ., ४ नोव्हें.
ड्यूटीवरून आल्यावर ताडपत्री काढली. सीटवर मांजरीचा संसार. टाकीचं झाकण उघडेना, तेल सोडून अर्धा तास बसलो तेव्हा उघडलं. टॉर्च मारला. आत लालभडक, खपल्याच खपल्या. अर्धी टाकी पेट्रोल ठेवून विसरून गेलो, वरच्या रिकाम्या भागाला पावसाळ्यांची दमट हवा. हे मला कळायला नको? कंपनीत माझं कामच ते. पिकलिंगला आहे बावीस वर्षं, लोखंडी पार्ट अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवून गंज काढायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.
चौकातला मेकॅनिक म्हणाला, "काका, अ‍ॅसिडच्या झंझटीत नका पडू. चिंचेचं पाणी भरा, दोन-तीन दिवस राहू द्या, मग बारीक गिट्टी टाकून हलवा. आरामशीर निघते." चिंच म्हणे. मला शिकवतो! हसून निघून आलो.

रवि., ९ नोव्हें.
ताईचा फोन. "आता तं रोजच सुरू करत असशील?" हो म्हणालो.
एक गोष्ट आजवर इथेही लिहिली नव्हती. भाऊजी गेले त्याच्या पुढच्या वर्षी एका रविवारी ताई म्हणाली होती, "आवाज ऐकव न गा. बरं वाटते मले." मी फोन घेऊन अंगणात गेलो आणि माझी स्वतःची गाडी सुरू केली. मोबाइल सायलेन्सरजवळ धरला. मिनिटभर. मग, "बरं, ठेवते."
लिहितानाही कान तापले.

गुरु., १३ नोव्हें.
बायको, सु., भावाकडे भंडाऱ्याला, चार दिवस. पहिली पाळी. पहाटे साडेपाचला टाकी रिकामी करून अंगणात घेतली, खालचं भोक बुचाने बंद केलं, हार्डवेअरमधून आणलेलं अ‍ॅसिड भरलं. वीस मिनिटांचं काम. मग पाण्याने धुवायची, सोड्याचं पाणी, वाळवायची, तेल फिरवायचं. तोवर चहा, आंघोळ. सहाला बस आली, बसलो.
सातला शेडमध्ये तिसऱ्या पाळीचा माणूस जाता जाता म्हणाला, "चार रॅक टाकीत आहेत, काढून घेजो." रोजचं वाक्य. पाळी संपली की माल टाकीत तसाच सोडून निघायचं, पुढचा येतो, काढतो. बावीस वर्षं हेच. तो बोलला आणि मला अंगणातली टाकी आठवली. घरी दुसरी पाळी कुठली!
हाफ डे मागता आला असता. इनचार्ज कारण विचारणार. सोमवारीच नव्या भरतीला मी अर्धा तास सांगितलं होतं, अ‍ॅसिडवर माल सोडून हलायचं नाही. नाही मागितला. तीनपर्यंत उभा राहिलो. चार रॅक मात्र वेळेवर काढले.
चारला घरी. टाकी रिकामी होती. सगळं फरशीवर.

शुक्र., १४ नोव्हें.
खालच्या जोडाला चाळणी. पोटाकडचा रंग फुगून निघाला, बोट लावलं की पत्रा मोडतो. मेकॅनिकने उलटीपालटी करून पाहिली. म्हणाला, "चिंच महाग होती का काका?"
कबाड्याकडे त्याच मॉडेलची जुनी टाकी मिळाली, आतून स्वच्छ. बदल्यात आपली देऊन आलो. तीही मोठ्या हुशारीने, ताईच्या नजरेला पडायला नको म्हणून. काळा रंग मारायला टाकली.

सोम., १७ नोव्हें.
बसमध्ये आठवलं. भाऊजींच्या टाकीला पोचा होता. स्नेहल गाडी शिकताना पडली तेव्हाचा, मुठीएवढा. भाऊजींनी तो कधी काढून घेतला नाही. कोणी विचारलं की म्हणायचे, "आमच्या पोरीचं लायसन आहे ते."
सुटल्यावर तडक कबाड्याकडे. टाकी कापून गेली होती.

शनि., २२ नोव्हें.
टाकी रंगवून आली. मेकॅनिकने बसवली, कार्बोरेटर साफ केला, नवी बॅटरी टाकली. चौथ्या किकला सुरू. आवाज छान. आनंद व्हायला हवा होता.
दुपारी सु. झोपलेली पाहून हातोडी घेतली. फडकं गुंडाळलं. पोचा डावीकडे की उजवीकडे? तीन वर्षं गाडी दाराशी होती आणि मला ते सांगता येईना. उजवीकडे मारला. दोन ठोके. रंगाला भेग पडली, तिच्यावर काळं बूटपॉलिश चोळलं.
एकेचाळीस वर्षांचा माणूस. हातोडीने आठवण ठोकत बसला होता. स्वतःच्या हाताकडे पाहवेना.

रवि., २३ नोव्हें.
ताई आणि स्नेहल गाडी न्यायला आल्या. सु.ने पोहे केले. स्नेहल आधी गाडीशीच गेली. टाकीच्या डाव्या अंगावरून हात फिरवला, थांबली. मग उजवीकडे आली. बोटाला काळं लागलं.
"मामा, मी डावीकडं पडली होती."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सांगितलं सगळं. अ‍ॅसिड, बस, कबाडी, हातोडी. सु. दारात तोंडावर पदर घेऊन उभी. तिलाही आजच कळलं. रविवारचं तेवढं गिळलं. म्हटलं, एका दिवसाला एवढं पुरे.
ताई म्हणाली, "आन सुरू करत होता ते?"
मी बोटाने टाकीवरचं बूटपॉलिश पुसू लागलो.
"मले मालूम होतं गा. दोन वर्षांआधी दिवाळीले आली होती न, तू दूध आणाले गेला, तवा ताडपत्री उचलून पाह्यली. कोळिष्टकं होती हँडलले. फोनवरचा आवाज तुह्या गाडीचा होता, तेही समजलं होतं. बारा वर्षं त्या गाडीची वाट पाह्यली मी संध्याकाळी. मले आवाज नाही समजणार?"
"मग दर रविवारी काहून विचारत होती वं ताई?"
"वाटे, एखाद्या रविवारी तरी तुले लाज वाटन. मग खरंच सुरू करशील."
रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पोहे खाल्ले, सु.शी भंडाऱ्याचं बोलली. निघताना मी किल्ली पुढे केली. स्नेहलने आईकडे पाहिलं, मग म्हणाली, "राहू द्या मामा. सध्या बसनंच जाते." दोघी ऑटोत बसल्या. किल्ली हातातच.

गुरु., २७ नोव्हें.
सु. चार दिवसांनी धड बोलली. "पोरगी बसनं गेली तं पाचले निघा लागन तिले घरून. दोन बस बदलवून." मला काय माहीत नाही? रोज तेच डोक्यात.
फोन लावायचा विचार केला. काय म्हणू? माझ्या 'हो'ला तिथे आता काय किंमत?

रवि., ३० नोव्हें.
सकाळी गाडी सुरू केली. दुसऱ्या किकला. दहा मिनिटं चालू ठेवली, घड्याळ लावून. कोणी सांगितलं नव्हतं.
दहा वाजले. सव्वादहा. फोन आला नाही. तीन वर्षांतला पहिला रविवार. आज विचारलं असतं तर खरं सांगता आलं असतं.
अकराला सु.ला म्हणालो, गाडी कामठीला पोचवून येतो, येताना ऑटोने येईन. तिने हेल्मेट आणून दिलं. इंदोरा चौकापर्यंत व्यवस्थित गेलो. तिथे सिग्नलला उभा असताना वाटलं, दारात आवाज ऐकून ताई बाहेर येईल, आणि बघेल तर गाडीवर भाऊजी नाहीत, मी.
सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न मारू लागले. वळून घरी आलो.