अरामी आकड्यांची सात खोकी

३ तारीख, सकाळ.
बायको आज आपणहून म्हणाली, खोक्यांवर नंबर घालून द्या. माझ्या विषयात तिने प्रथमच रस घेतला. माहेरी जाते आहे. काही दिवस, असे ती म्हणाली नाही. पण ते गृहीत असते. सामान जरा जास्त वाटते. थंडीचे कपडे जागा खातात.

दुपार.
सात खोकी झाली. प्रत्येकाच्या एका बाजूस जुन्या कराराच्या काळातील अरामी आकडा, दुसऱ्या बाजूस त्याचा हिब्रू भाऊबंद, दोन्ही मूळ लिपीत. तत्त्व सुंदर आहे: हिब्रूतल्या 'श'च्या जागी अरामीत पुष्कळदा 'त' येतो. तीन म्हणजे हिब्रूत शालोश, अरामीत तलात. चारला मात्र दोघेही अर्बा म्हणतात, भांडण नाही. हे सर्व बायकोला समजावले. ती चिकटपट्टी लावत राहिली. एकाग्रता वाखाणण्यासारखी.

४ तारीख.
मेहुणा टेम्पो घेऊन आला. दाजी, कुकर कशात आहे, म्हणाला. नंबर लिहिलाय, म्हटले. यापेक्षा कोंबडी बरं लिहिते, म्हणाला.
यादी मुद्दामच दिलेली नाही. लिपी मलाच येते, तेव्हा कुकरसाठी तिला फोन करावाच लागेल. मग शांतपणे बोलायचे. आकड्यांवरून विषय हळूच परत येण्याकडे न्यायचा.

६ तारीख.
फोन नाही. मोबाइल दुकानात तपासून घेतला. चालू आहे.

९ तारीख.
फोन नाही. बाहेरचे जेवत असतील. सासूबाईंना ते मानवत नाही, आज-उद्या करतील. मी ब्रेड खाल्ला.

१२ तारीख.
मीच मेहुण्याला फोन केला. कुकर त्याच दिवशी सापडला म्हणे. कसा, विचारले. दाजी, खोकं उघडलं की आतलं दिसतं, म्हणाला. ही शक्यता विचारात घ्यायची राहून गेली. ती काय म्हणते, विचारले. ताई बरी आहे, म्हणाला.

१५ तारीख.
वॉचमनने एक खोके वर आणून दिले. त्यात चुकून गेलेला माझा स्वेटर, माझा चष्मा, आणि तळाशी घराची तिची किल्ली.
खोक्यावर तिच्या हाताने, उजवीकडून डावीकडे, मूळ लिपीत लिहिले आहे: तमाने. पलीकडच्या बाजूस, शमोने. आठ. मी सातच्या पुढे लिहिलेच नव्हते. लग्नानंतर पहिले वर्षभर मात्र रोज जेवताना दहापर्यंत म्हणून आणि लिहून दाखवत असे. ती तेव्हा नुसती वाढत असे, असे मला वाटे.
एकही चूक नाही. पूर्ण मार्क दिले. पद्धत यशस्वी.
किल्ली खिळ्याला लावली. कुकर नवीन आणावा लागेल. लहान.