गिटार परत नको, तारा सैल करा

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक साहेब,
जकात फाटा पोलीस ठाणे,
नाशिक.

अर्जदार : हिरामण सावळीराम पगारे, वय ३२, धंदा नोकरी (अंबडच्या कारखान्यात टर्नर), रा. त्रिशरण कॉलनी, जकात फाट्यामागे, नाशिक.

विषय : आपल्या मुद्देमाल खोलीत ठेवलेल्या एका लाकडी गिटारच्या सहा तारा, ती ताब्यात न मागता, आहे त्या जागी उतरवून मिळणेबाबत.

संदर्भ : १) बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमातील जप्ती व पंचनामा, दि. १६ मे २००३.
२) माझे यापूर्वीचे अर्ज. पोच मिळाली आहे, उत्तर मिळालेले नाही.

महोदय,

१. प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे विषय वाचूनच हा अर्ज बाजूला पडणार नाही. मी गिटार परत मागत नाही. मागून झाले. "केस कोर्टात आहे" हे वाक्य मला आता पाठ आहे, ते पुन्हा ऐकवू नये. माझी मागणी एवढीच की तिच्या तारा सैल कराव्यात. याला चावी लागत नाही, हत्यार लागत नाही, खर्च नाही. दोन बोटे लागतात. अर्ज लिहून देणाऱ्याकडे मी गेलो नाही. तो "कृपावंत व्हावे" असे लिहितो आणि मला तसे लिहायचे नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचे वाचून वाचून शिकलो. चुका असतील तर त्या माझ्या आहेत.

२. घडले ते असे. आमचा कॉलनीतला छोटा ग्रुप आहे. सुनील ढोलकी वाजवतो, मोहिनीताई गाते, मी गिटार वाजवतो. तिघेही नोकरी करून हे करतो, कोणाकडून काही घेत नाही. बुद्ध पौर्णिमेला संध्याकाळी समाजमंदिरासमोर कार्यक्रम होता. परवानगी रीतसर काढलेली होती, पण ती एका स्पीकरची होती आणि गोटीराम मंडपवाल्यांनी आपल्या मनाने दोन बॉक्स लावले. कोणीतरी तक्रार केली. आपली गाडी आली. आमच्या तिघांवरही गुन्हा नोंदला गेला. दोन्ही बॉक्स जप्त झाले, आवाजाचे मशीन जप्त झाले आणि जाता जाता माझ्या गळ्यातली गिटारही जप्त झाली. ढोलकी नाही. मी विचारले, हिला वायर नाही, वीज नाही, माईक काढला तर रस्त्यापलीकडे ऐकू जात नाही, हिने काय केले? त्यावर फौजदार म्हणाले, "ढोलकी आपली असते. हे पार्टीचं वाजवायचं आहे."

हे मी शब्दशः लिहीत आहे. मला त्याचा अर्थ विचारायचा नाही, अर्थ मला समजला.

३. गोटीराम मंडपवाल्यांचे बॉक्स व मशीन त्याच आठवड्यात बॉण्डवर सुटले. त्यांच्याकडे पावती होती. ते बॉक्स तेव्हापासून शहरभर हळदीत, बारशात, वाढदिवसात वाजत आहेत. ज्या वस्तूने आवाज केला ती बाहेर आहे आणि जिला स्वतःचा आवाज जेमतेम आहे ती आत आहे. याबद्दल मी गोटीरामांवर रागावलेलो नाही. माणूस भला आहे. "हिरामणभाऊ, माझ्यामुळे झालं" असे दर वेळी म्हणतो आणि पुढच्या मंडपाला जातो.

४. गिटारची पावती माझ्याकडे नाही. कधीच नव्हती. टर्नर होण्याआधी मी देवळाली कॅम्पात रंगाऱ्याच्या हाताखाली होतो. तोफखान्याच्या बराकींना चुना मारायचे काम होते. तिथे नायक हुद्द्याचे एक मिझो जवान होते. त्यांचे पूर्ण नाव मला म्हणता येईना, तेव्हा "रेमा बोल" म्हणाले. दुपारच्या सुट्टीत ते खाटेवर बसून गिटार वाजवायचे आणि मी चुन्याची बादली खाली ठेवून खिडकीबाहेर उभा राहायचो. मुकादमाने पाहिले असते तर हाकलले असते. रेमांनी पाहिले आणि आत बोलावले. वर्षभर शिकवले. बदली झाली तेव्हा ट्रकमध्ये सामान चढवता चढवता ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बजाना नहीं है तो ढीला करके रखना."

वकिलांमार्फत मी गिटार मागितली तेव्हा मालकीचा कागद मागण्यात आला. मी रेमांच्या युनिटला पत्र टाकले. युनिट हलले आहे, ते शिक्का मारून परत आले. साहेब, सैनिकाने ट्रकच्या फळीवरून दिलेल्या वस्तूची पावती कुठे मिळते ते मला सांगावे, मी जाऊन घेऊन येतो.

५. आता तारांचे. आपण वाद्य वाजवत नसाल असे धरून लिहितो. सहा पोलादी तारा गिटारची मान सतत पुढे ओढत असतात. रोज वाजवणारा माणूस रोज लावतो, रोज उतरवतो, लाकडाला श्वास मिळतो. पण लावलेली गिटार तशीच ठेवून दिली की तारा ओढतच राहतात. आपली मुद्देमाल खोली पत्र्याची आहे. मे महिन्यात तिथे हात टेकवत नव्हता. पावसाळ्यात छत गळत होते, हे मला आपल्याच लोकांनी सांगितले. लाकूड आधी तापले, मग ओल प्याले, आणि तारा ओढतच आहेत. यात मान वाकते. पोट फुगते. घोडी, म्हणजे पोटावरची ज्या पट्टीला तारा अडकवतात ती, उखडते. त्यानंतर ती गिटार राहत नाही, गिटारच्या आकाराचे लाकूड राहते. पुढे कोर्टाने सन्मानाने परत दिली तरी मी ती काय भिंतीवर टांगू?

"दुसरी घे" असे सगळेच सांगतात. माझी बायको संध्याही सांगते. सुनीलने त्याच्या मेव्हण्याची आणून दिली होती. बोटे मानेवरच्या पडद्यांवर, म्हणजे आडव्या पट्ट्यांवर, गेली आणि तिथे माझ्या ओळखीचे नव्हतेच काही. आपल्याला हातातली काठी बदलली तर फरक पडत नसेल. आम्हाला पडतो.

६. हे काम दोन बोटांचे असूनही का होत नाही, त्याचे कारण पंचनाम्यात आहे आणि त्यात आमचाच शहाणपणा आहे. पंचनामा लिहिताना हवालदार श्री. सहादू यांनी "एक जुनी लाकडी गिटार" एवढेच लिहिले होते. सुनील पुढे झाला. "जुनी काय लिहिता? सहा तारा, ताणलेल्या, सुरात लावलेली असं लिहा. उद्या तुमच्याकडून बेसूर होऊन आली म्हणजे?" आम्हाला सगळ्यांना ते पटले. मला तर फार पटले. सहादू म्हणाले, "सुरात आहे कशावरून?" तेव्हा मी सगळ्यांसमोर ती एकदा छेडून दाखवली. पंचांपैकी एक किराणा दुकानदार, एक रिक्षावाला. दोघांनी माना डोलावल्या. आणि सहादूंनी लिहिले : "तारा सहा, ताणलेल्या स्थितीत, सुरात असल्याची पंचांसमक्ष वाजवून खात्री केली." खाली सह्या झाल्या. कार्यक्रम मोडला होता तरी लोक हसले. मीही हसलो.

त्या ओळीने माझे हात बांधले. मी तारा सैल करा म्हणालो की सहादू पंचनामा काढून दाखवतात. ताणलेल्या जप्त केल्या, ताणलेल्याच हजर करायच्या. सैल केल्या तर मुद्देमालाशी छेडछाड. मी म्हणालो, अहो, वाद्य आठवड्यात आपोआप बेसूर होते, आता ती सुरात नाहीच, म्हणजे तुमचा मुद्देमाल तुमच्याकडेच बदलला. त्यावर त्यांचे उत्तर : "ते आपोआप झालं. आपोआप झालेल्याला कोणी जबाबदार नसतो. बोट लावून झालं की असतो."

मी विचारले, मग तार तुटली तर? "तुटली तर नोंद घेता येते. नुकसानीचा रकाना आहे. सैल केल्याचा रकाना नाही."

साहेब, हा माणूस वाईट नाही. मला चहा पाजतो. एकदा म्हणाला, "मला काही वाटत नाही का पगारे? पण दोन वर्षांनी माझी पेन्शन आहे आणि तुमची गिटार माझ्या सहीत आहे." मी ज्याच्यावर ओरडावे असा माणूस मला आपल्या ठाण्यात अजून भेटलेला नाही. सगळे बरोबर आहेत आणि मान वाकत आहे.

७. आपली भेट मागितली. जूनमध्ये साहेब सिंहस्थाच्या तयारीत. जुलैपासून साहेब बंदोबस्तात. बंदोबस्त उठला, तर साहेब रजेवर. मी समजून घेतले. लाखो लोक आंघोळीला येणार, त्यात सहा तारा कोणाला आठवणार? पण समजून घेण्याचे काम दर वेळी माझ्याकडेच का येते, हेही एकदा विचारतो.

८. आता कालचे लिहितो, कारण हा अर्ज कालच्यामुळे आहे. काल दसरा होता. आमच्या कॉलनीत धम्मचक्र प्रवर्तन दिन. दर वर्षी सकाळच्या वंदनेनंतर आमचा ग्रुप वाजवतो. काल कॅसेट लावली होती, गोटीरामांच्या त्याच दोन बॉक्सवर. मोहिनीताई समोर खुर्चीत बसून ऐकत होती. तिचे लग्न ठरले आहे, दिवाळीनंतर ती भुसावळला जाईल. "भाऊ, जायच्या आधी एकदा वाजवू ना आपण?" एवढेच म्हणाली. मी हो म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो ते मला माहीत नाही.

तिथून मी उठलो आणि ठाण्याच्या रस्त्याने निघालो. शस्त्रपूजेसाठी आपण सगळ्या खोल्या झाडून घेतल्या होत्या. मुद्देमाल खोलीचे दार सताड उघडे. सहादूंनी फाटकातून पाहिले आणि म्हणाले, "या पगारे, सणाचं तोंड गोड करा." पेढा हातावर ठेवला. मग म्हणाले, "तुमचीपण पूजा केली बरं का."

मोडक्या सायकली आणि गावठीच्या रिकाम्या कॅनमध्ये ती उभी होती. पोटावर हळदकुंकू. मानेत झेंडूची माळ. माळ खाली घसरू नये म्हणून कोणीतरी एका फुलाचा देठ तारा आणि मान यांच्यामधून घातला होता. सहज गेला होता. साहेब, चांगल्या गिटारमध्ये तिथून पोस्टकार्डाची घडी जेमतेम जाते. घोडीचा मागचा काठ लाकडापासून सुटून वर आला होता, खाली काळी फट दिसत होती. सर्वात बारीक तार तुटून वेटोळे झाली होती. ती कधी तुटली, तिची नुकसानीच्या रकान्यात नोंद झाली का, ते मी विचारले नाही.

मी दोन पावले पुढे गेलो. सहादू हळू आवाजात म्हणाले, "हात नका लावू. साहेब आज इथंच आहेत." आपण आत टेबलाशी उभे होता. आपल्याला नारळ देत होते. एका हातावर पेढा घेऊन मी उभा राहिलो. मग सहादूंनी खोलीचे दार लावून घेतले.

९. तरी विनंती अशी.

(अ) दोन पंच बोलावून, नवा पंचनामा करून, उरलेल्या पाच तारा माझ्या हातून सैल करवून घ्याव्यात. हातात बेडी घालून नेले तरी माझी हरकत नाही, बोटे मोकळी ठेवावीत.

(ब) माझा हात चालत नसेल तर दुसऱ्या कोणाचाही चालेल.

(क) सैल करण्याचा रकाना नसेल तर पाचही तारा कापाव्यात आणि नुकसान म्हणून नोंद घ्यावी. नोंद घेता येते असे आपल्याच खात्याचे म्हणणे आहे. मी त्याबद्दल कुठेही तक्रार करणार नाही, तसे लिहून देतो. फक्त एक तार कापून बाकीच्या ठेवू नयेत, मान एका बाजूला पिळते.

(ड) कापताही येत नसतील तर मी गुन्हा कबूल करतो. दोन बॉक्स मी लावले, आवाज मी वाढवला, जे लिहायचे ते लिहावे. मात्र सुनील व मोहिनीताई यांची नावे त्यातून काढावीत. मोहिनीताईच्या सासरी कोर्टाचा कागद जाऊ नये. कबुलीच्या बदल्यात गिटार नको. तारा सैल कराव्यात.

(इ) आणि यातले काहीच शक्य नसेल तर तिला निदान पत्र्याच्या भिंतीपासून काढून जमिनीवर आडवी ठेवावी. याने मान सरळ होणार नाही, हे मला माहीत आहे. तरी आडवी ठेवावी.

१०. आता मी इथे येऊन चौकशी करणार नाही. सहादूंना त्रास होतो. हा अर्ज आपण स्वतः वाचावा, मुद्देमाल कारकुनाकडे "योग्य कार्यवाहीसाठी" पाठवू नये. तिकडे पाठवलेले माझे आधीचे अर्ज गिटारशेजारीच ठेवलेले मी काल पाहिले.

आपला, फाटकाबाहेरूनच नम्र,
(सही)
हिरामण सावळीराम पगारे
नाशिक, दि. ६ ऑक्टोबर २००३

सोबत :
१) पंचनाम्याची नक्कल.
२) युनिटला पाठवलेले व परत आलेले पत्र, पाकिटासह.
३) तारा कापल्यास तक्रार नसल्याबद्दल माझे लेखी, सहीचे.
४) गिटारच्या डोक्याचे पेन्सिलने काढलेले चित्र. खुंट्यांजवळ बाण दाखवले आहेत, त्याच बाजूला फिरवावे, उलट फिरवू नये. आधी जाड तार थोडी, मग पुढची थोडी, अशा पाचही, पुन्हा पहिल्यापासून. तार बोटाने दाबली की लोळली पाहिजे. घाई करू नये. आवाज होईल, घाबरू नये.