मॅनिफोल्डच्या तिसऱ्या तोंडाबद्दल खुलासा

वाशी,
मंगळवार, १० फेब्रुवारी

ती. बब्रुवानमामा,

अक्षदाचा वाकून नमस्कार. (पायांना हात लावला असं समजा, खरोखर लावला असता तर तुमच्या पायजम्याला काजळी लागली असती.) तुमचा गुडघा कसा आहे, मामी सकाळी फिरायला जातात का आणि लेथचा पट्टा बदलला का, हे तिन्ही सविस्तर कळवा. इकडं सगळे खुशाल आहेत.

मागच्या पत्रात मी एक चूक लिहिली, ती आधी दुरुस्त करते. तिसरं तोंड जास्त घासलं गेलं, त्याला तुम्ही बार्शीहून कापून पाठवलेला पत्र्याचा फर्मा जबाबदार आहे, असं मी लिहिलं होतं. फर्मा बरोबर आहे. मी तो व्हर्निअरनं मोजला, मग उलटा करून परत मोजला. तुमची चाळीस वर्षं लेथवर गेली आणि मी तुम्हाला 'नजर कमी झाली असेल' असं लिहिलं, हे आठवून रविवारपासून मला दोनच भाकरी जातात. (एरवीही दोनच जातात, पण आता चवीनं जात नाहीत.)

फोन केला असता, पण फोन लावला की आई शेजारी येऊन बसते आणि 'स्पीकरवर टाक, माझा भाऊ हाय' म्हणते. ही गोष्ट आईसमोर सांगण्यासारखी नाही, कारण गोष्ट आईचीच आहे.

तर झालं असं. आण्णांनी घातलेली अट तुम्हाला ठाऊक आहेच, तरी पुन्हा लिहिते, म्हणजे माझ्याकडून काही लपवलं जायला नको. येरमाळ्याला हायवेवरचा आपला गाळा रिकामा झाला आहे. आपली जुनी गाडी पाच माणसं घेऊन येडेश्वरीला निघाली की वाटेवरच्या चढाला दम टाकते; मग आई आणि मी खाली उतरतो आणि गाडीच्या मागं चालतो. आण्णा म्हणाले, "कुणाला खाली न उतरवता चढ चढवून दाखव, गाळा तुझा, टाक गॅरेज. न्हायतर कृष्णराजला मोबाइलच्या दुकानाला देतो." कृष्णराज माझा चुलतभाऊ असल्यामुळं त्याच्याबद्दल वाईट लिहीत नाही. त्यानं गाळ्याच्या शटरचं माप घेऊन ठेवलं आहे, एवढंच लिहिते.

म्हणून भंगारातला टर्बो. गाडीच्याच धुरानं पंखा फिरवायचा आणि त्या पंख्यानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची, हे मी आण्णांना तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "म्हणजे गाडीला तिचाच धूर पाजणार?" मी नाही म्हणाले, हो म्हणाले, आणि विषय सोडला. धूर पंख्यापर्यंत बिनअडथळा जावा म्हणून मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळकांड्याची, चारही तोंडं आतून मोठी आणि गुळगुळीत करायची होती. हे काम तुम्हीच मला शिकवलंत. (मी आकडेसुद्धा शाळेच्या आधी तुमच्या पान्यांवरून शिकले, दहा-अकरा, बारा-तेरा असे. पान्यांच्या संचात वीसनंतर बावीस येतो, त्यामुळं पहिलीत बाईंनी एकवीस विचारल्यावर 'तो पाना हरवलाय' असं मी सांगितलं होतं. दोष तुमचा नाही.)

फर्मा लावून रेघ ओढायला निळी शाई वापर, असं तुम्ही सांगितलं होतं. वाशीसारख्या तालुक्याच्या गावात ती मिळाली नाही. मग मी इंजिन ऑइलमध्ये कुंकू कालवलं आणि काडीनं चारही तोंडांभोवती बारीक रेघ ओढली. आता बघा, अंगणात सपाट जागा नव्हती, म्हणून मॅनिफोल्ड पाटावर ठेवलं होतं. पाटावर बिडाचं काळं धूड, त्याला चार तोंडं, तोंडांना कुंकू. गुरुवारी मी दोन तोंडं घासून झाकून ठेवलं आणि जेवायला गेले. शुक्रवारी सकाळी आईनं झाकण उघडलं.

तिनं काय केलं ते मला रविवारी कळलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अगं, तुझं कुंकू लई पुसट झालं हुतं. शुक्रवार हुता. दोन तोंडांना मी नीट बोट फिरवून लावलं."

आईचं बोट तुम्हाला माहीत आहे, मामा. आयुष्यभर भाकरी थापलेलं बोट. माझी रेघ काडीची होती, आईची पावलीच्या नाण्याएवढी रुंद. शुक्रवारी दुपारी मी ग्राइंडर लावला आणि अत्यंत काळजीपूर्वक, दर दोन मिनिटांनी थांबून, चष्मा पुसून, आईच्या रेघेच्या बाहेरच्या कडेपर्यंत तिसरं तोंड घासलं. मग फर्मा लावला आणि तुम्हाला दोष देणारं ते पत्र लिहिलं. चौथं तोंड सुदैवानं राहिलं, कारण तेवढ्यात शेजारच्या नागूबाई आल्या आणि त्यांनी त्यात झेंडू खोचला.

नागूबाईंनी विचारलं, "कंचा देव म्हणायचा ह्यो?"

आई म्हणाली, "आमच्या अक्षीच्या गाडीचा हाय. चार तोंडाचा."

मी ग्राइंडर उचलला तर नागूबाई ओरडल्या, "हळू गं बाई, तोंड हाय ते देवाचं!"

आईला मी काही बोललेले नाही. तिसरं तोंड सगळ्यांत मोठं आणि चकचकीत झालंय, ते आपल्या हातच्या कुंकवाचा गुण, असं ती गल्लीत सांगते आहे. तिचा चेहरा बघितला की माझ्याच्यानं तोंड उघडवत नाही.

तेव्हा खुलासा एवढाच की तुमचा फर्मा बरोबर होता. तिसऱ्या तोंडाची भिंत थोडी पातळ झाली आहे, काळजीचं कारण नाही. मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची भाची,
अक्षदा

ता. क. बिडाच्या वेल्डिंगचा रॉड तुमच्याकडं शिल्लक आहे का, सहज विचारते. वेल्डिंगनंतर राखेत पुरून हळूहळू गार करायला चुलीची दोन घमेली राख मी चाळून ठेवली आहे, तीही सहजच.

आणखी एक. वर 'थोडी पातळ' असं लिहिलं, ते खरं नाही. पत्र पाकिटात घालून पुन्हा बाहेर काढलं, कारण खोट्या पत्राची दुरुस्ती करणाऱ्या पत्रात खोटं कसं ठेवायचं? गोधडी शिवायची सुई भिंतीतून आरपार जाते. तिथून धूर निसटला तर पंख्याला जोर मिळणार नाही, आई पुन्हा चढावर खाली उतरणार आणि शटरवर कृष्णराजची पाटी लागणार. रविवारी, २२ तारखेला आण्णांनी पाच माणसं ठरवली आहेत.

शेवटचं. रॉड नसला तरी या. असला तरी आण्णांपासून भोक लपवून मला गाळा नको. वेल्डिंगच्या आधीच मी मॅनिफोल्ड आणि सुई दोन्ही त्यांच्या हातात देणार आहे. तुम्ही फक्त माझ्या शेजारी उभे राहा. समोर मेहुणा असला की आण्णा आधी त्यालाच बोलतात, आणि माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांचा अर्धा राग सरलेला असतो. दुपारची जेवणं झाली की लगेच सांगणार आहे, शुक्रवारी, २० फेब्रुवारीला.