आईने ठेवलेलं पातेलं

रविवार, ता. ९, दुकान आवरल्यावर

चि. ठकूस,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्याच्या आधी आई. तुझा भाऊ गिऱ्हाइकांशी गोड बोलायला शिकलाय, म्हणजे निम्मा खाटीक झाला.

एक विचारायचं होतं. चवळी किती वेळ भिजत घालायची? माझी एकदा दगड राहते, एकदा लगदा होते. आईला विचारलं तर ती नुसती हसते.

चवळी कोणासाठी, असं तुझ्या मनात आलं असेल. दुकानात एक भानगड झाली. मसाल्याचा खिमा आपण कसा करतो ते तुला माहीत आहे. भाऊ मीठमसाला घालतो, मी चिमूटभर तव्यावर परतून चाखतो आणि मान हलवतो, मगच तो काउंटरवर जातो. मागच्या महिन्यात मीठ बारीक आलं. त्याच मापात जास्त बसतं, आणि नाकाला ते कळत नाही. तीन दिवस खारट माल गेला. समोरची शिंपीण पुडकं परत घेऊन आली, म्हणाली समुद्र नको होता, खिमा हवा होता.

भावाने मला मागे नेलं. "बाबा, तुम्ही चाखताय ना?"

"वास घेतो."

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

तो ओंडक्यावरच बसला.

ठकू, मटण सोड असं डॉक्टरने सांगितलं नाही, देवाने सांगितलं नाही, स्वप्नात बकराही आला नाही. दिवसभर हात त्यातच, रात्री ताटात तेच. एक दिवस हात वाटाण्याच्या उसळीकडे गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. ठरवलं काहीच नाही. थकलो म्हण हवं तर. आता आठवणही होत नाही. दुकान चालूच आहे, चाखायचं काम भावाकडे दिलंय.

घरात मात्र सांगावं लागलं. आईला म्हटलं, माझं जरा वेगळ्या पातेल्यात करत जाऊ. ती स्टुलावर चढली, गुडघ्यासकट, आणि वरच्या फळीवरून एक लहान पातेलं काढलं. वरचा कागदही निघालेला नव्हता. तू सोळाव्या वर्षी मटण सोडलंस तेव्हा तिने तुझ्यासाठी आणलेलं.

तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, या घरात एकच पातेलं चढतं, नको असेल त्याला दार उघडं आहे. तीन वर्षं तू कोरडा पाव खाल्लास, मग नोकरी लागली तशी गेलीस. मला मात्र मागितल्याबरोबर मिळालं.

तू आईला भेटायला येतेस तेव्हा जेवून आलेय म्हणतेस. माझे कान अजून शाबूत आहेत. जाताना जिन्यात तुझ्या डब्याचं झाकण वाजतं. बारा वर्षं ऐकतोय, आणि एकदाही दार उघडलं नाही.

पुढच्या वेळी डबा आणू नकोस. चवळीचं तेवढं कळव.

तुझ्या पातेल्यात जेवणारा,
बाबा