भट्टीवरून आल्यावरची अंघोळ

आप्पा,

मागच्या आठवड्यात दादाच्या मुलीच्या लग्नाला सोलापूरला जाऊन आले. मांडवात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत माझ्यापाशी आले, तू भट्टीवाल्यांची धाकटी ना, म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसलेच. मग तुमच्याबद्दल बोलणं. तुझा बाप गल्लीच्या तोंडाशी आला की मान वर न करता कळायचं, म्हणे, अंगाला असा खरपूस दाण्याचा वास यायचा. मी आपली हसून मान हलवत राहिले. खरं सांगू का, मला त्यांचा हेवा वाटला. अख्ख्या भवानी पेठेला ठाऊक असलेला तुमचा तो वास मला ठाऊकच नाही. माझे आप्पा म्हणजे साबणाचा वास, ओले केस आणि मानेवरून बंडीत उतरणारं पाणी. एवढ्यात पंगत बसली, दाण्याच्या कुटातली वांगी वाढायला आली, आणि साठी उलटलेली तुमची मुलगी कोपऱ्यात जाऊन आपला घरून आणलेला डबा उघडून बसली.

सुरुवात झाली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. सत्तरचं दशक नुकतंच लागलेलं. दोन खोल्यांचं आपलं घर, मागे न्हाणी, दोन्ही बाजूंना मागांचा खडखडाट. जेवून उठले की माझ्या अंगावर लालभडक गांध्या उठायच्या, कान सुजायचे, डोळे मिटायचे. सगळ्यांचं एकच मत, पित्त आहे. आई गेरू उगाळून अंगभर चोळायची, घोंगडीत गुंडाळून बसवायची, आमसुलाचं पाणी पाजायची. त्या घोंगडीचे केस टोचायचे ते अजून आठवतात. जो भेटेल तो एक पदार्थ बंद करायला सांगून जायचा. वांगं बंद झालं, दही बंद झालं, तुरीची डाळ गेली, पेरू गेले, शेवटी गूळसुद्धा उष्ण म्हणून कपाटावर चढला. शेंगदाण्याचं नाव मात्र कुणाच्या तोंडी आलं नाही. आपल्याकडे शेंगदाणा म्हणजे खाण्याचा पदार्थ आहे असं कुणी मानतच नाही ना. तेल त्याचं, भाजीत कूट त्याचं, भाकरीबरोबर शेंगांची चटणी, उपासाला त्याचीच आमटी. मीठ बंद करा असं कुणी म्हणतं का, तसंच ते. आणि ज्या घरात चूलच शेंगदाण्यावर पेटायची तिथे तर विचारायलाच नको.

मी वाळत चालले. पोरीच्या अंगात काही राहिलं नाही, म्हणून तुम्ही स्वतः मनावर घेतलंत. हे मला आईनं इतक्या वेळा सांगितलंय की आता ते माझ्याच आठवणीतलं वाटतं. तुम्ही भट्टीवर माझ्यासाठी निराळे दाणे भाजता, गिऱ्हाइकाला देता त्याहून मंद आचेवर, घाई न करता. वाळू चाळून टाकता, तळहातावर चोळून सालं फुंकता, एखादा खवट दाणा निघतो का ते बघत बसता. कपाटावरचा गूळ आईला खाली काढायला लावता आणि लाडू वळता. पहिला लाडू तुमच्या हातानं माझ्या तोंडात. लाडू संपायच्या आत माझे ओठ सुजले आणि श्वास घरघरायला लागला.

तुम्ही मला खांद्यावर टाकून तसेच अनवाणी दवाखान्यापर्यंत पळत गेलात. डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिलं, मग काय खाल्लं ते विचारलं.

"भायेरचं काय न्हाय दिलं, डॉक्टर. घरचंच हाय. दाण्याचा लाडू, मी सोता भाजल्याला."

डॉक्टर म्हणाले, मग दाण्याचंच असणार. त्याला ॲलर्जी म्हणतात. तुम्ही त्यांच्याकडे बघतच राहिलात.

"पर दाण्यानं कुणाला काय हुतंय?"

"हिला होतं," डॉक्टर म्हणाले.

आई सांगायची, घरी आल्यावर तुम्ही उरलेल्या लाडवांचं ताट उचलून बाहेर नेलंत ते कुठं नेलंत ते तिला कधी कळलं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, एक कण पोटात जाता कामा नये, कपड्याला हाताला लागलेली भुकटीसुद्धा पोरीच्या जवळ नको. गांध्या उठल्या तर ही गोळी द्या, आणि श्वास लागला तर गेरूबिरू करत बसू नका, सरळ इथे घेऊन या.

मग आईनं स्वयंपाकघर मुळापासून बदललं. खलबत्ता राखेनं घासला, तरी तिचं समाधान होईना, म्हणून तो शेजारी देऊन टाकला आणि नवा आणला. तेल करडईचं. तेही कुठलंही नाही, घाणेवाल्याला सांगून सकाळी पहिलाच घाणा करडईचा लावून घ्यायची, कारण आधी शेंगदाणा फिरून गेला असेल तर सगळंच मुसळ केरात. कुटाऐवजी सुकं खोबरं आणि तीळ, चटणी जवसाची नाहीतर कारळाची. उपासाला भगर आणि नुसतं तूप-जिऱ्याचं ताक. दादा दुकानातून आला की उंबऱ्यावरच चूळ भरायला लावायची, कोपरापर्यंत हात धुवायला लावायची, आणि तो कुरकुर करत का होईना धुवायचा. लग्नाकार्याला गेलो की आचाऱ्यापाशी जाऊन विचारायची, ह्यात कूट हाय का, त्यात हाय का. नातेवाईक बायका नाकं मुरडायच्या. एकदा कुणीशी म्हणाली, असले कसले बाई लाड. तुम्ही पंगतीतून उठून आलात आणि माझा डबा स्वतः उघडून माझ्यापुढे ठेवलात. तुम्ही भांडणातला माणूसच नव्हता.

आणि तुमची अंघोळ. दिवेलागणीला तुम्ही पुढच्या दारानं यायचा नाहीत. बोळातून मागे जाऊन थेट न्हाणीत. बंब पेटलेला, धुतलेलं धोतर-बंडी दोरीवर, लाल साबणाची वडी आणि नखं घासायला काथ्याचा बोळा. भट्टीवरचे कपडे तिथेच बादलीत बुडवायचे. मी दिवसभर वाट बघून न्हाणीच्या दाराशी येऊन उभी. आतून पाण्याचा आवाज, आणि मध्येच तुमचा. "हितंच थांब गं. आलोच की." थंडीच्या दिवसात लाकडं ओली निघाली आणि बंब पेटला नाही, तरी तुम्ही गार पाणी घेतलंत, पण अंघोळ चुकवली नाहीत. खोकला झाला की आई म्हणायची, आज निस्ते हातपाय धुवा की. तुम्ही ऐकायचा नाहीत. मग बाहेर येऊन पाटावर बसायचात, मला मांडीवर घ्यायचात आणि मी तुमच्या ओल्या केसांतून बोटं फिरवायची. बापाची वाट बघणं म्हणजे बंद दारापाशी उभं राहून पाण्याचा आवाज ऐकणं, हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की मैत्रिणींचे वडील तसेच घरात शिरून मुलींना उचलून घेतात हे बघून मला आधी किळस आली होती आणि मग रडू.

धंदा बदलायचा विचार तुम्ही केलात हे मला ठाऊक आहे. मध्ये काही दिवस भट्टीवर नुसते फुटाणे आणि चुरमुरे ठेवले होतेत. माणसं येत, दाणे न्हाईत व्हय, म्हणत आणि पुढे जात. आईनंच शेवटी सांगितलं, तुमाला दुसरं काय येतंय, भाजा दाणे आन् रोज पाणी घ्या. तुम्ही ते ऐकलंत. पण रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, अंघोळ करून तुम्ही घरामागच्या चुलीवर माझी भट्टी लावायचात. माझी कढई नवी, माझी वाळू नदीवरून निराळी आणलेली, पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवलेली. त्या डब्याला दादानं हात लावला तर त्याच्या पाठीत धपाटा बसायचा. वाळू तापली की तुम्ही मूठभर जोंधळे टाकता, झाऱ्यानं हलवता, आणि पांढऱ्याशुभ्र लाह्या फुटून अंगणभर उडतात. मी पळत पळत वेचते. तुम्ही म्हणता, "ह्या फकस्त तुज्या. कुणाला देऊ नगंस." माझ्यासारखी चैन पेठेत कुणाची नव्हती, एवढं मात्र खरं.

तरी जीव तुमच्या दुकानात अडकलेला असायचा. शाळा सुटली की पोरं तुमच्यापुढे हात पसरून उभी राहायची आणि तुम्ही प्रत्येकाच्या ओंजळीत चिमूटभर टाकायचात. मी समोर, बांगड्यांच्या दुकानाच्या सावलीत. तिथली चाची मला बसायला पेटी द्यायची. रस्ता ओलांडायचा नाही हा तुमचा नियम. तुम्ही तिकडून भुवया उडवायचात, मी इकडून. एका हाकेवर बाप, आणि त्याच्याकडे जायचं नाही.

त्या दिवशी मी तो नियम मोडला. आठेक वर्षांची असेन. शाळेतून येताना सायकलवाल्याचा धक्का लागला आणि मी तुमच्या दुकानासमोरच पडले. गुडघा फुटला, हनुवटी फुटली, रक्त बघून मी घाबरले आणि उठून दोन्ही हात पसरून सरळ तुमच्याकडे धावले. तुम्ही भट्टीवरून उडी मारून खाली आलात. मला आता दिसतंय, तुमच्या कोपरापर्यंत सालांची भुकटी, छातीवर भुकटी, भुवयांवर भुकटी. तुमचे हात पुढे आले होते, आप्पा. मी ते पाहिले. आणि मग तुम्ही ते एकदम पाठीमागे घेतलेत आणि मागं सरलात.

"यू नगंस. हितं यू नगंस."

इतक्या मोठ्यानं तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हता. मी रस्त्यातच थांबले. तुम्ही माझ्या डोक्यावरून पलीकडे बघून चाचीला म्हणालात, पोरीला घ्या की. तिनं येऊन मला उचललं, पदरानं रक्त पुसलं, आणि मी तिच्या खांद्यावरून बघत राहिले. तुम्ही तसेच उभे होता, हात पाठीशी बांधून, मार खाल्लेल्या पोरासारखे. गिऱ्हाईक काहीतरी मागत होतं, तुम्हाला ऐकू येत नव्हतं. त्या संध्याकाळी तुम्ही लवकर घरी आलात आणि दोनदा अंगावर पाणी घेतलंत. मग माझा गुडघा मांडीवर घेऊन कितीतरी वेळ त्याच्यावर फुंकर घालत बसलात. मी रुसले होते, तरी पाय काढून घेतला नाही.

पुढे माझं लग्न झालं, भट्टी दादाकडे गेली, आणि तुम्ही आजारी पडून दवाखान्यात होता तेव्हा तुम्ही दाण्याला हात लावून वर्ष होऊन गेलं असेल. मी येऊन तुमचा हात धरायला गेले तर तुम्ही तो चादरीखाली ओढून घेतलात. मी म्हटलं, आप्पा, आता कुठली भट्टी. तुम्ही ओशाळं हसलात. "सवय गं," म्हणालात. मग हात बाहेर काढलात आणि मी तो बराच वेळ धरून बसले.

तुम्हाला वाचायला जड जायचं, म्हणून सासरहून मी आईच्या नावानं लिहायची आणि ती तुम्हाला वाचून दाखवायची. तुम्हाला एकट्याला असं मी कधी लिहिलंच नाही. आईच्या तोंडून ऐकवण्यासारखं हे नव्हतं. आता तीही नाही, आणि दादाला मी हे दाखवणार नाही, तो मलाच वेड्यात काढील.

गुडघा फुटला त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते बरोबर होतं. आई झाल्यावर मला ते कळलं, आजी झाल्यावर तर नीटच कळलं. माझ्यासाठी तुम्ही काय काय केलंत ते मी कुणालाही पानभर सांगू शकते. पण आप्पा, त्या दिवशी तुम्ही मला तसंच उचलून घ्यायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. अंगावर उठलं असतं, ओठ सुजले असते, पुन्हा दवाखान्यापर्यंत पळावं लागलं असतं, सगळं मान्य. तरी घ्यायला हवं होतं.